ग्रीन कार्डवर आलेल्या आई-बाबांचा अमेरिकेतला आरोग्य विमा: तिकीट काढण्याआधीपासून मेडिकेअरपर्यंत

आई-बाबा कायमचे राहायला येणार हे ठरलं की खोली, बॅगा, भारतातलं घर कोण बघणार अशी सगळी तयारी सुरू होते आणि विम्याचा विषय ‘आल्यावर बघू’ म्हणून मागे पडतो. तो मागे टाकू नका. अमेरिकेत पाऊल ठेवल्यापासून ६० दिवसांची मुदत सुरू होते. ती हुकली तर चांगला विमा मिळायला पुढच्या जानेवारीपर्यंत थांबावं लागू शकतं. शिवाय प्रीमियमचा आकडा आई-बाबांच्या मधुमेहावर किंवा रक्तदाबावर ठरत नाही. तो ठरतो वयावर, राहत्या ठिकाणावर आणि त्यांचं नाव कुणाच्या टॅक्स रिटर्नवर आहे यावर. म्हणून घरच्यांनी आधी टॅक्सबद्दल बोलावं आणि मग विम्याच्या साइट उघडाव्यात.

काय मिळत नाही, ते आधी

तुमच्या ऑफिसच्या विम्यात नवरा-बायको आणि २६ वर्षांखालची मुलं येतात. आई-वडील किंवा सासू-सासरे जवळजवळ कुठल्याच कंपनीच्या विम्यात येत नाहीत. एचआरला एक ईमेल टाकून खात्री करा, पण त्यावर योजना बांधू नका. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२३ पासून तुमच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांना तुमच्या पॉलिसीत घेता येतं. मात्र ही सोय स्वतः विकत घेतलेल्या वैयक्तिक पॉलिसीपुरती आहे, ऑफिसच्या विम्याला ती लागू नाही.

वय ६५ च्या पुढे असलं म्हणून मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी विमा) लगेच मिळत नाही. ग्रीन कार्डधारकाला त्यासाठी अमेरिकेत सलग पाच वर्षं राहावं लागतं. मुलाने किंवा मुलीने भरलेला मेडिकेअर टॅक्स आई-वडिलांच्या खात्यात धरला जात नाही, स्वतःचा किंवा जोडीदाराचाच धरतात.

आता सर्वांत नुकसान करणारा गैरसमज, मार्केटप्लेसबद्दलचा. मार्केटप्लेस म्हणजे स्वतः विमा विकत घेण्याची सरकारी साइट. ‘६५ च्या वरच्यांना मार्केटप्लेसचा विमा घेता येत नाही’ असं काही एजंटसुद्धा छातीठोकपणे सांगतात. ते चूक आहे. ज्यांना मेडिकेअर मिळत नाही त्यांना कितीही वय असलं तरी मार्केटप्लेसचा प्लॅन घेता येतो. आधीच्या आजारावरून कंपनी नकार देऊ शकत नाही आणि त्यासाठी जास्त पैसेही लावू शकत नाही. वयानुसार दर वाढतो, पण ६४ ला तो थांबतो. ७८ वर्षांच्या आजोबांना ६४ वर्षांच्या माणसाचाच दर लागतो, आणि तो २१ वर्षांच्या तरुणाच्या तिपटीहून जास्त असू शकत नाही. न्यूयॉर्क आणि व्हरमाँटमध्ये तर वयावरून दर बदलतच नाही.

भारतात असतानाच उरकायच्या गोष्टी

औषधांची यादी करा, पण ब्रँडच्या नावांनी नको. प्रत्येक गोळीच्या पाकिटावर बारीक अक्षरात मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम असतात, ते उतरवून घ्या. भारतात सर्रास दिली जाणारी काही औषधं अमेरिकेत विक्रीलाच नाहीत: मधुमेहाची ग्लिक्लाझाइड आणि विल्डाग्लिप्टिन, रक्तदाबाची सिल्निडिपिन. इथला डॉक्टर ती बदलून देईल आणि नव्या गोळीवर साखर किंवा रक्तदाब स्थिरावायला काही आठवडे जातील. तेवढा अवधी हातात असावा म्हणून तीन महिन्यांची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह आणा. पॅरासिटामॉलला इथे ॲसिटामिनोफेन म्हणतात, हे आई-बाबांनाही सांगून ठेवा. नाहीतर दोन नावांची एकच गोळी दुप्पट घेतली जाते आणि त्याचा मार यकृताला बसतो.

दातांची कामं भारतात पूर्ण करून या. मोठ्यांच्या मार्केटप्लेस विम्यात दात आणि चष्मा धरलेले नसतात. श्रवणयंत्राचं बऱ्याच ठिकाणी तेच. मोतीबिंदू पिकला असेल आणि डॉक्टर शस्त्रक्रिया करा म्हणत असतील, तर तीही आधी उरकलेली बरी.

व्हिसाच्या वैद्यकीय तपासणीत मिळालेला लसीकरणाचा कागद, गेल्या वर्षभरातले रक्ताचे रिपोर्ट, अँजिओप्लास्टी झाली असेल तर डिस्चार्ज समरी आणि स्टेंटचं कार्ड हे सगळं हातातल्या बॅगेत ठेवा. फोनमध्ये फोटोही काढून ठेवा.

भारतातली मेडिक्लेम पॉलिसी मात्र बंद करू नका. उतारवयात नवी पॉलिसी घेतली की आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. चालू पॉलिसी भारतवारीत उपयोगी पडते. पत्ता आणि निवासाची स्थिती बदलल्याचं कंपनीला लेखी कळवा, म्हणजे दाव्याच्या वेळी वाद होणार नाही.

व्हिसाचा डीएस-२६० फॉर्म भरताना सोशल सिक्युरिटी कार्ड हवं का असा प्रश्न येतो. तिथे ‘हो’ म्हणा. कार्ड घरपोच येतं आणि एक फेरी वाचते. ग्रीन कार्डाची इमिग्रंट फी निघण्याआधी ऑनलाइन भरून टाका. ती भरल्याशिवाय कार्ड छापलं जात नाही.

पहिले काही आठवडे

मार्केटप्लेसचा विमा पुढच्या महिन्याच्या १ तारखेलाच सुरू होतो. १२ मार्चला उतरून ३१ मार्चच्या आत प्लॅन निवडला तर विमा १ एप्रिलपासून. १ एप्रिलला निवडला तर थेट १ मे. मधल्या दिवसांसाठी प्रवासी विमा घ्या. तो विमान सुटण्याच्या दिवसापासून सुरू होणारा असावा आणि किमान दोन महिन्यांचा असावा, कारण कागदपत्रांमुळे मार्केटप्लेस लांबू शकतं.

प्रवासी विम्याचे दोन प्रकार आहेत. ‘फिक्स्ड बेनिफिट’ प्रकारात प्रत्येक गोष्टीची रक्कम ठरलेली असते. डॉक्टरांच्या भेटीचे इतके, खाटेचे दिवसाला इतके, आणि बिल कितीही आलं तरी बाकीचं तुमच्या गळ्यात. ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ प्रकारात डिडक्टिबल (आधी स्वतः भरायची रक्कम) गेल्यावर कंपनी बिलाचा ठरलेला मोठा हिस्सा पॉलिसीच्या मर्यादेपर्यंत देते. पहिला प्रकार स्वस्त असतो म्हणून लोक तो घेतात, आणि एकाच इमर्जन्सी भेटीत बचतीच्या कितीतरी पट रक्कम जाते. दुसराच घ्या.

तोही सगळं देत नाही. मधुमेह, रक्तदाब, हृदयरोग यांचा नेहमीचा उपचार त्यात नसतो. ‘ॲक्यूट ऑनसेट’ हे कलम लक्षपूर्वक वाचा. जुन्या आजाराचा अचानक, पूर्वसूचना नसताना झटका आला आणि बहुतेक पॉलिसींत २४ तासांच्या आत उपचार घेतला, तरच पैसे मिळतात. दोन दिवस छातीत दुखत होतं आणि मग नेलं, तर दावा फेटाळला जातो. वयाच्या ठराविक टप्प्यानंतर हे कलम गळतं किंवा त्याची मर्यादा खूप खाली येते. काही पॉलिसी फक्त पर्यटकांसाठी असतात आणि त्यात ग्रीन कार्डधारक बसत नाहीत. विकत घेण्याआधी हा एक प्रश्न लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

या काळात खरंच काही गंभीर झालं तर विम्याचा विचार न करता ९११ ला फोन करा. १९८६ च्या केंद्रीय कायद्यानुसार हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागाला विमा असो वा नसो, तपासावं आणि स्थिर करावंच लागतं. साध्या गोष्टींसाठी कम्युनिटी हेल्थ सेंटर असतं, तिथे उत्पन्न पाहून फी लावतात. बिनानफा तत्त्वावरच्या हॉस्पिटलांना आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवावंच लागतं. बिल आलं तर पैसे भरण्याआधी तो अर्ज मागा.

साठ दिवसांतला अर्ज

परदेशातून राहायला येणं हे ‘स्पेशल एनरोलमेंट’चं, म्हणजे वार्षिक नोंदणीच्या काळाबाहेर विमा घेण्याचं, मान्य कारण आहे. आधी विमा होता का, ही अट परदेशातून येणाऱ्यांना लागत नाही. तुमचं राज्य हेल्थकेअर डॉट गव्ह वापरतं की स्वतःची साइट, ते आधी पाहा. टेक्सास आणि फ्लोरिडा हेल्थकेअर डॉट गव्हवर आहेत. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, जॉर्जिया, व्हर्जिनिया, वॉशिंग्टन यांच्या स्वतःच्या साइट आहेत. हेल्थकेअर डॉट गव्हवरून अर्ज सुरू केलात तर ती तुमच्या राज्याच्या साइटकडे पाठवते. शोध घेताना वर येणाऱ्या जाहिरातींवर मात्र क्लिक करू नका. त्या साइट फोन नंबर घेतात, तो विकतात आणि मग दिवसभर फोन येत राहतात.

पहिला अडथळा ओळख पटवण्याचा. साइट क्रेडिट इतिहासावरून प्रश्न विचारते आणि काल आलेल्या माणसाला क्रेडिट इतिहास नसतोच. बाबांच्या नावाने खातं उघडायला गेलात की गाडी इथेच अडते. तुमच्या टॅक्स रिटर्नवर ते डिपेंडंट (तुमच्यावर अवलंबून) असणार असतील तर खातं तुमच्या नावाने उघडा, घराचे संपर्क म्हणून स्वतःला ठेवा आणि विमा फक्त आई-बाबांना हवा असं नोंदवा. घरातले बाकीचेही अर्जात दाखवायचेच, ‘विमा नको’ असं लिहून. ते वेगळा रिटर्न भरणार असतील तर १-८००-३१८-२५९६ या नंबरवर फोनवरून अर्ज होतो. दुभाषा फुकट मिळतो, मराठी मागून पाहा. आई-बाबांना शेजारी बसवा, कारण बोलायची परवानगी त्यांच्याच तोंडून हवी असते. पुढच्या फोनांसाठी स्वतःला त्यांचा अधिकृत प्रतिनिधी म्हणून नोंदवून घ्या.

दुसरा अडथळा, कार्ड अजून आलेलं नसणं. त्यासाठी थांबू नका. पासपोर्टमधला इमिग्रंट व्हिसा विमानतळावर शिक्का बसल्यापासून एक वर्ष ग्रीन कार्डासारखाच चालतो. कागदपत्राच्या यादीत ग्रीन कार्डाऐवजी ‘मशीन रीडेबल इमिग्रंट व्हिसा’ हा पर्याय निवडा. ए-नंबर (इमिग्रेशनचा नोंदणी क्रमांक) व्हिसावर ‘रजिस्ट्रेशन नंबर’ या नावाखाली असतो. सोशल सिक्युरिटी नंबर आला नसेल तर रकाना रिकामा सोडून पुढे जा आणि आल्यावर भरा. खोटा किंवा दुसऱ्याचा नंबर कधीही टाकू नका.

तिसरा अडथळा खास आपल्याकडचा. महाराष्ट्रातल्या पासपोर्टवर बरेचदा नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. अर्ज भरताना मुलं सवयीने मधलं नाव वेगळं काढतात किंवा गाळतात. मग सोशल सिक्युरिटीच्या नोंदीशी नाव जुळत नाही आणि ‘माहितीत विसंगती’ अशी नोटीस येते. पासपोर्ट, व्हिसा आणि सोशल सिक्युरिटी कार्डावर जसं आहे तसंच, अक्षर न अक्षर लिहा. आईचे जुने कागद माहेरच्या नावाचे असतील तर विवाह नोंदणीचा दाखला जवळ ठेवा.

विसंगतीची नोटीस आली तर घाबरायचं कारण नाही. इमिग्रेशन स्थितीसाठी नोटिशीच्या तारखेपासून ९५ दिवस आणि उत्पन्नासाठी साधारण ९० दिवस मिळतात. तोवर विमा चालू राहतो. पण पत्र न उघडता ठेवलं तर तो बंद होतो किंवा आर्थिक मदत काढून घेतली जाते. ‘परदेशातून आलो’ हे दाखवणारे कागद मागितले तर ते मात्र प्लॅन निवडल्यापासून ३० दिवसांत द्यावे लागतात: शिक्का असलेलं पासपोर्टचं पान, आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची सरकारी नोंद) ची प्रत आणि नवा पत्ता दाखवणारा एखादा कागद. भाडेकरारात आई-बाबांची नावं घालून घ्या किंवा ‘हे माझ्याकडे राहतात’ असं स्वतःच्या सहीचं पत्र द्या.

आणि शेवटी पहिला प्रीमियम भरा. प्लॅन निवडला म्हणजे विमा सुरू झाला असं समजून कित्येक जण इथेच थांबतात. पहिले पैसे विमा कंपनीकडे पोचल्याशिवाय पॉलिसी सुरू होत नाही.

पैशाचं गणित

इथे सर्वाधिक वेळ द्या, कारण नियम नुकतेच बदलले आहेत आणि इंटरनेटवरचे जुने सल्ले आता चालत नाहीत.

२०२५ पर्यंत असं होतं: ग्रीन कार्डावर नवे आलेले, उत्पन्न जवळजवळ शून्य असलेले आई-बाबा वेगळा रिटर्न भरत आणि त्यांना भरघोस सबसिडी मिळे. मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या लोकांचा सरकारी विमा) मिळत नाही म्हणून कायद्यात त्यांच्यासाठी खास अपवाद होता. जुलै २०२५ च्या कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून तो अपवाद काढून टाकला. आता दारिद्र्यरेषेच्या १०० टक्क्यांपेक्षा कमी उत्पन्न असेल तर सबसिडी शून्य. शिवाय २०२१ पासून मिळणारी वाढीव मदत २०२५ अखेर संपली, त्यामुळे वरच्या बाजूला ४०० टक्क्यांची भिंत परत आली. मदत हवी तर उत्पन्न या दोन टोकांच्या मध्ये बसायला हवं.

२०२६ च्या विम्यासाठी दारिद्र्यरेषेचे आकडे असे: दोघांच्या कुटुंबाला २१,१५० डॉलर, चौघांना ३२,१५०, सहा जणांना ४३,१५०. अलास्का आणि हवाईचे आकडे वेगळे आहेत.

पहिला मार्ग: आई-बाबा स्वतःचा एकत्र रिटर्न भरतात. त्यांचं दोघांचं उत्पन्न २१,१५० आणि ८४,६०० डॉलरच्या दरम्यान हवं. ग्रीन कार्डधारकाला जगभरातलं उत्पन्न दाखवावं लागतं, हे लक्षात ठेवा. भारतातली पेन्शन, एफडीचं व्याज, फ्लॅटचं भाडं सगळं मोजलं जातं. शेतीचं उत्पन्न आणि पीपीएफचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी अमेरिकेत नाही. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या दोघांची पेन्शन आणि भाडं मिळून कधीकधी २१,१५० चा टप्पा खरोखर ओलांडला जातो, आणि मग हाच मार्ग सर्वांत फायद्याचा ठरतो. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या २५० टक्क्यांच्या आत असेल तर सिल्व्हर प्लॅनमध्ये (ब्राँझ आणि गोल्ड यांच्या मधली पातळी) डिडक्टिबल आणि को-पे, म्हणजे प्रत्येक भेटीला किंवा औषधाला द्यायची ठरलेली रक्कम, हेसुद्धा कमी होतात. ती सवलत फक्त सिल्व्हरलाच आहे.

दुसरा मार्ग: तुम्ही त्यांना स्वतःच्या रिटर्नवर डिपेंडंट दाखवता. मग घर मोठं होतं आणि उत्पन्न तुमचं धरलं जातं. तुम्ही दोघं, दोन मुलं आणि आई-बाबा असे सहा जण असाल तर ४०० टक्क्यांची रेषा १,७२,६०० डॉलरवर येते. समजा घरचं उत्पन्न १,५०,००० आहे. ते दारिद्र्यरेषेच्या साधारण ३४८ टक्के झालं. ३०० ते ४०० टक्क्यांत उत्पन्नाच्या ९.९६ टक्के रक्कम तुमच्या वाट्याला येते, म्हणजे वर्षाला १४,९४० आणि महिन्याला १,२४५ डॉलर. मदत दुसऱ्या क्रमांकाच्या स्वस्त सिल्व्हर प्लॅनवरून ठरते; तुमच्या भागात दोघांचा तो प्लॅन समजा महिन्याला २,४०० डॉलरचा असेल, तर महिन्याला १,१५५ डॉलर सरकार भरेल. हीच रक्कम ब्राँझ प्लॅनला लावली तर तुमच्या खिशातून आणखी कमी जातील.

अर्जात इथे एक चूक नेहमी होते. ‘नोकरीतून विम्याची सोय आहे का’ या प्रश्नाला लोक ‘हो’ म्हणतात, कारण स्वतःला ती आहे. प्रश्न प्रत्येक माणसासाठी वेगळा असतो. तुमची कंपनी आई-बाबांना विमा देत नसेल तर त्यांच्यापुढे ‘नाही’ हेच खरं उत्तर आहे, आणि त्यावरच त्यांची सबसिडी अवलंबून असते.

डिपेंडंट दाखवण्याच्याही अटी आहेत. २०२६ साठी आई आणि बाबा प्रत्येकाचं करपात्र ढोबळ उत्पन्न ५,३०० डॉलरच्या आत हवं आणि त्यांच्या वर्षभराच्या खर्चाचा अर्ध्याहून जास्त भार तुम्ही उचललेला हवा. हा हिशोब पूर्ण कॅलेंडर वर्षाचा असतो. ऑक्टोबरात आलेले बाबा सप्टेंबरपर्यंत स्वतःच्या पेन्शनवर जगत असतील तर त्या वर्षी ही अट पूर्ण होणं अवघड. अशा वेळी उरलेले दोन-तीन महिने पूर्ण प्रीमियम भरून विमा घ्यायचा आणि जानेवारीपासून गणित नव्याने मांडायचं.

४०० टक्क्यांच्या भिंतीजवळ असाल तर अतिशय जपून राहा. २०२६ पासून जास्त घेतलेली मदत परत करण्यावरची मर्यादा उठली आहे. वर्षअखेरीला बोनस आला, शेअर विकले आणि उत्पन्न १,७३,००० झालं, तर वर्षभर मिळालेली सगळी रक्कम रिटर्नबरोबर परत द्यावी लागेल. ४०१-के (नोकरीतलं निवृत्तीचं खातं) आणि एचएसए (उपचारखर्चासाठीचं करमुक्त बचत खातं) यांमध्ये भरलेली रक्कम हे उत्पन्न खाली आणते, म्हणून डिसेंबरच्या आधी आढावा घ्या. उत्पन्न बदललं की साइटवर लगेच कळवा. जानेवारीच्या अखेरीस वर्षभरात मिळालेल्या मदतीचा तपशील देणारा १०९५-ए हा फॉर्म येतो. तो हातात आल्याशिवाय रिटर्न भरू नका.

मदत मिळत नसेल तर विमा मार्केटप्लेसवरून घ्या किंवा त्याच कंपनीकडून थेट, नियम आणि दर तेच. ‘शॉर्ट टर्म’ प्लॅन आणि धार्मिक ‘शेअरिंग’ योजना निम्म्या किमतीत दिसतात, पण जुने आजार त्यात बसत नाहीत. साठी-सत्तरीच्या माणसाला त्यांचा उपयोग नाही. तुमच्याकडे एचएसए असेल आणि आई-बाबांचा अर्ध्याहून जास्त खर्च तुम्ही करत असाल, तर त्यांची औषधं, को-पे, चष्मे, दात यांचे पैसे त्यातून देता येतात. ५,३०० डॉलरची उत्पन्नाची अट एचएसएच्या वापराला लागत नाही.

प्लॅन निवडताना

प्रीमियमच्या क्रमाने लावलेली यादी बाजूला ठेवा आणि औषधं व डॉक्टर यांपासून सुरुवात करा. प्रत्येक प्लॅनची औषधांची यादी साइटवर असते. प्रत्येक गोळीचं मूळ नाव टाकून ती किमतीच्या कुठल्या टप्प्यात आहे ते पाहा. मेटफॉर्मिन, ॲम्लोडिपिन, ॲटॉरव्हास्टॅटिन अशी जुनी औषधं सगळीकडे स्वस्त असतात. खरा फरक इन्सुलिन, इनहेलर आणि नव्या मधुमेहाच्या गोळ्यांत पडतो.

घरापासून जवळचं हॉस्पिटल नेटवर्कमध्ये (विमा कंपनीशी करार असलेल्या डॉक्टर-हॉस्पिटलांत) आहे का, ते कंपनीच्या यादीत पाहा आणि दवाखान्यात फोन करून प्लॅनच्या पूर्ण नावासह पुन्हा विचारा. नुसतं कंपनीचं नाव सांगू नका. एकाच कंपनीचे चार प्लॅन चार वेगळ्या नेटवर्कचे असतात. मराठी किंवा हिंदी बोलणारा प्राथमिक डॉक्टर जवळपास असेल तर त्यासाठी थोडा जास्त प्रीमियमही परवडतो. दुखणं स्वतःच्या भाषेत सांगता आलं की निदान लवकर होतं, आणि प्रत्येक वेळी मुलाला रजा काढून जावं लागत नाही. एचएमओ प्रकारच्या प्लॅनमध्ये स्पेशालिस्टकडे जायला प्राथमिक डॉक्टरची चिठ्ठी लागते, पीपीओ प्रकारात सहसा लागत नाही.

ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड यांची तुलना वर्षाच्या हिशोबाने करा: बारा महिन्यांचे प्रीमियम आणि त्यात खिशातून जाणारी कमाल रक्कम. २०२६ मध्ये ही कमाल रक्कम एका माणसासाठी १०,६०० डॉलरच्या वर जाऊ शकत नाही. दर महिन्याला तज्ज्ञाकडे जावं लागत असेल तर गोल्ड बहुधा स्वस्त पडतो. औषधं साधी आणि तब्येत बरी असेल तर ब्राँझ चालतो. वार्षिक तपासणी, लसी, ७५ पर्यंतची कोलोनोस्कोपी, मॅमोग्राम हे नेटवर्कमध्ये कुठल्याही प्लॅनला फुकट असतं. पहिल्याच महिन्यात तपासणीची वेळ घ्या, कारण नव्या रुग्णाला तारीख मिळायला बरेच आठवडे लागतात.

मेडिकेड

बहुतेक राज्यांत ग्रीन कार्ड मिळाल्यापासून पाच वर्षं प्रौढांना मेडिकेड मिळत नाही, जिवावरच्या प्रसंगातलं इमर्जन्सी मेडिकेड सोडून. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियासारखी काही राज्यं स्वतःच्या पैशाने आधीही सोय देतात. तुमच्या राज्याच्या साइटवर अर्ज केला की तीच तपासणी होते. आई-बाबांसाठी तुम्ही आय-८६४ वर (त्यांच्या खर्चाची हमी देणाऱ्या फॉर्मवर) सही केली आहे, हे मात्र ध्यानात असू द्या. त्या सहीमुळे तुमचं उत्पन्न त्यांच्या पात्रतेत धरलं जाऊ शकतं आणि दिलेल्या मदतीची वसुली तुमच्याकडे मागितली जाऊ शकते. मार्केटप्लेसची सबसिडी या वसुलीत येत नाही.

जोडीदार येणार असेल तर

एच-४ वर (एच-१बी नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावर) येणाऱ्या बायकोला किंवा नवऱ्याला ऑफिसच्या विम्यात घेणं सोपं आहे, फक्त तारीख पाळा. लग्न झाल्यापासून साधारण ३० दिवसांत नाव घालावं लागतं. लग्न भारतात डिसेंबरात आणि व्हिसा एप्रिलमध्ये असं असेल तर लग्नाची मुदत तोवर गेलेली असते. बऱ्याच कंपन्या ‘अमेरिकेत आगमन’ हेही कारण मानतात. आपली कंपनी मानते का, हे लग्नाआधीच एचआरला विचारा. मानत नसेल तर जोडीदार भारतात असतानाच नाव घाला. सोशल सिक्युरिटी नंबर नंतर देता येतो.

पाच वर्षांनी मेडिकेअर, आणि मधल्या भारतवाऱ्या

पाच वर्षं पूर्ण व्हायच्या तीन महिने आधी सोशल सिक्युरिटी ऑफिसशी १-८००-७७२-१२१३ वर बोला. अमेरिकेत कामाचे ४० क्वार्टर (कमाईवर मिळणारे, वर्षाला जास्तीत जास्त चार) नसतील तर पार्ट ए (हॉस्पिटलचा विमा) विकत घ्यावा लागतो. २०२६ चे दर पाहा: पार्ट ए महिन्याला ५६५ डॉलर, पार्ट बी (डॉक्टरांच्या भेटींचा विमा) २०२.९० डॉलर. म्हणजे माणशी ७६७.९० डॉलर, औषधांचा पार्ट डी आणि पूरक मेडिगॅप वेगळे. मार्केटप्लेसची सबसिडी मिळत असेल आणि मेडिकेअर विकतचंच असेल, तर मार्केटप्लेसवर राहता येतं. पण नंतर मेडिकेअरला यायचं ठरलं तर उशिराचा दंड लागतो. पार्ट बीला प्रत्येक पूर्ण वर्षामागे १० टक्के, आणि तोही जन्मभर. दोन्ही बाजूंचा हिशोब कागदावर मांडूनच ठरवा.

आई किंवा बाबा पन्नाशी-साठीत आले असतील आणि काम करण्याची इच्छा असेल तर अर्धवेळ नोकरी इथे मोठा फरक पाडते. २०२६ मध्ये १,८९० डॉलर कमाईला एक क्वार्टर मिळतो आणि वर्षाला जास्तीत जास्त चार. म्हणजे वर्षाला ७,५६० डॉलरची नोंदलेली कमाई पुरते. ३० क्वार्टर झाले की पार्ट एचा दर ३११ डॉलरवर येतो आणि ४० झाले की तो फुकट होतो. एकाचे ४० पूर्ण झाले की ६५ वर्षांच्या जोडीदारालाही तो फुकट मिळू शकतो.

पाच वर्षांची अट सलग वास्तव्याची आहे. सहा महिन्यांहून लांबलेल्या भारतवारीवर प्रश्न विचारले जातात. प्रत्येक जाण्या-येण्याच्या तारखा एका वहीत लिहा आणि बोर्डिंग पास जपा. मार्केटप्लेसचा विमा भारतातला खर्च देत नाही, म्हणून चार-पाच महिन्यांसाठी जाताना ‘उगीच प्रीमियम कशाला’ म्हणून तो बंद करण्याचा मोह होतो. बंद करू नका. सुट्टीवरून परत येणं हे ‘राहायला येणं’ धरलं जात नाही, त्यामुळे पुन्हा ६० दिवसांची खिडकी उघडत नाही. मग १ नोव्हेंबरला सुरू होणाऱ्या वार्षिक नोंदणीपर्यंत थांबावं लागतं आणि विमा जानेवारीत सुरू होतो. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड आणि राजधानी वॉशिंग्टन डीसी इथे मधल्या बिनविम्याच्या महिन्यांबद्दल राज्याचा टॅक्स दंडही लागू शकतो. जाण्याआधी प्रीमियमचं ऑटो-पे चालू करा, तीन महिन्यांची औषधं भरून घ्या आणि विमा कंपनीची पत्रं तुमच्या ईमेलवर येतील अशी सोय करून ठेवा.